वंशावळ फ्रँकफुर्टला, गवत सेराडोत

(स्मृतिव्याख्यानाचं मुद्रित रूप)



आपण ज्या शहरात जमलो आहोत, त्या शहरातल्या एका नोंदवहीपासून सुरुवात करतो. प्राणिसंग्रहालयांत वाढणाऱ्या आयाळी लांडग्यांची जागतिक वंशनोंदवही वर्षानुवर्षं फ्रँकफुर्टच्या प्राणिसंग्रहालयाने सांभाळली. ब्राझीलमध्ये पकडलेला एखादा नर असो किंवा अमेरिकेत, युरोपात जन्मलेलं पिल्लू असो, त्याला क्रमांक इथून मिळायचा. आई कोण, बाप कोण, जन्म कधी, कुठून कुठे गेला, कशाने मेला, हे सारं त्या वहीत. दक्षिण अमेरिकेच्या गवताळ रानातल्या या प्राण्याचं कुळ मायन नदीकाठी लिहिलं गेलं. मराठी माणसाने मराठीतून बोलायला हा विषय दूरचा वाटेल. तो दूरचा कसा नाही, हेच आज मांडायचं आहे.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते सर बार्शीकडचे. शेवटची वर्षं ते मुलाकडे या शहरात राहिले. वनस्पतिशास्त्र शिकवलेला हा माणूस इथल्या बागेतली झाडं बघताना हमखास विचारायचा, "आणि गवत? गवताचं नाव काय?" इथे कुणाला ते सांगता यायचं नाही. मी परभणीला पशुवैद्यक शिकलो; जनावराच्या पोटात काय गेलं, हे आधी बघायची सवय मला तिथे लागली. सरांचा प्रश्न आणि माझी सवय, या दोन्ही गोष्टी आज उपयोगी पडणार आहेत.

आधी प्राणी कसा आहे ते पाहू. खांद्यापाशी उंची नव्वद सेंटिमीटरपर्यंत. म्हणजे इथल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या जर्मन शेफर्ड कुत्र्यापेक्षा चांगला वीतभर उंच. वजन मात्र वीस ते तीस किलो, त्या कुत्र्यापेक्षा कमीच. अंगावर तांबूस-सोनेरी केस, पाय गुडघ्यांपासून खाली काळे, मानेवर काळी आयाळ. प्राणी घाबरला किंवा चिडला की ती उभी राहते आणि तो आहे त्याहून मोठा दिसतो. कान प्रचंड. चालताना एका बाजूचे दोन्ही पाय बरोबर टाकतो, त्यामुळे अंग झुलतं. पाय इतके लांब का, याचं उत्तर धावण्याच्या वेगात नाही. छातीपर्यंत येणाऱ्या गवतातून सरळ चालता यावं आणि गवतावरून पलीकडचं दिसावं, यासाठी ते लांब झाले. माळावर धनगर काठीवर रेलून गवतावरून मेंढरांकडे नजर ठेवतो, तशी त्याची उभं राहण्याची ढब.

नावात लांडगा आहे, पण तो लांडगा नाही. कोल्हाही नाही. श्वानकुळात तो स्वतःच्या प्रजातीत एकटा आहे. आज जिवंत असलेल्यांत त्याचा सर्वांत जवळचा नातेवाईक म्हणजे बुश डॉग, बुटका, आखूड पायांचा, टोळीने शिकार करणारा जंगली कुत्रा. दिसण्यात दोघांत काहीही साम्य नाही. आणखी एक नातं उलगडलं ते २००९ साली, संग्रहालयांतल्या जुन्या नमुन्यांच्या डीएनएवरून. फॉकलंड बेटांवर एक लांडगा होता. १८३४ साली डार्विनने तो पाहिला आणि त्याची निर्भयता बघून हा फार काळ टिकणार नाही असं लिहून ठेवलं. १८७६ च्या सुमारास तो संपला. आज जिवंत असलेल्या प्राण्यांत त्या बेटावरच्या लांडग्याला सर्वांत जवळचा निघाला तो आयाळी लांडगाच. दोघांचे पूर्वज काही दशलक्ष वर्षांपूर्वीच वेगळे झालेले, तरीही या कुळात आता मागे उरलेली माणसं फार थोडी, असं म्हणावंसं वाटतं. मी 'माणसं' म्हणालो, ते तसंच राहू द्या.

आता त्याच्या पोटाकडे येऊ. जेम्स डीट्झ या अमेरिकन अभ्यासकाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलच्या सेरा दा कनास्त्रा राष्ट्रीय उद्यानात या प्राण्यांना रेडिओ कॉलर लावले, त्यांच्या विष्ठा गोळा केल्या, त्या धुऊन आत काय आहे ते मोजलं. श्वानकुळातल्या एवढ्या मोठ्या प्राण्याचं अन्न जवळपास निम्मं वनस्पतिजन्य निघालं. त्यातही एक फळ सर्वांत जास्त, तिथले लोक त्याला लांडग्याचं फळ म्हणतात. हे झुडूप वांग्याच्या, टोमॅटोच्या, आपल्याकडच्या डोरली-रिंगणीच्या कुळातलं. फळ मोठं, हिरवट-पिवळं, आणि वर्षभर कुठे ना कुठे पिकलेलं सापडतं. उरलेलं अन्न म्हणजे उंदीर, आर्माडिलो, जमिनीवरचे टिनामू पक्षी, किडे. उंदराची शिकार तो कानांनी करतो. गवतात स्तब्ध उभा राहतो, कान फिरवतो, खसखस नेमकी कुठे झाली ते ठरवतो आणि उडी घेतो. बैल, गाय, मेंढी यांच्या वाटेला तो जात नाही. कोंबडी मात्र नेतो, आणि तेवढ्यासाठी शेतकऱ्याची गोळी खातो.

फळाच्या बाबतीत देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी आहे. हा प्राणी आपली विष्ठा पुष्कळदा पानं कापणाऱ्या मुंग्यांच्या वारुळांवर टाकतो, आपल्या हद्दीची खूण म्हणून. मुंग्या विष्ठेतला कामाचा भाग आपल्या बुरशीच्या बागेसाठी आत नेतात, बिया साफ होतात, आणि वारुळाच्या खतावलेल्या मातीत नवं झुडूप उगवतं. लांडगा, मुंगी आणि रानवांगं, तिघांचा संसार एकमेकांत गुंतलेला. यातलं एक काढलं तर दुसऱ्याचं काय होतं, हे अजून कुणाला करून बघावं लागलेलं नाही. लागू नये.

नर-मादी जोडीने एक हद्द धरतात. कनास्त्रात ती साधारण पंचवीस-तीस चौरस किलोमीटरची होती, इतर ठिकाणी याच्या कितीतरी पट मोठी आढळली. पण जोडी असूनही दोघं फारशी बरोबर हिंडत नाहीत. हद्द एक, वाटा वेगळ्या. रात्री मोठ्या, घोगऱ्या, एकेकट्या भुंकण्याने एकमेकांना पत्ता देतात आणि मूत्राच्या उग्र वासाने परक्यांना दूर ठेवतात. वास इतका उग्र की २००६ साली हॉलंडमध्ये रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात गांजा ओढणाऱ्याच्या शोधात पोलीस आले होते आणि दरवळ निघाला या प्राण्याचा. गर्भकाळ दोन महिन्यांच्या आसपास. पिल्लं दोन ते पाच, जन्मतःच काळी कुळकुळीत. सोनेरी रंग नंतर येतो. बापही पिल्लांना ओकून भरवतो.

शास्त्राच्या दप्तरात या प्राण्याची नोंद झाली तीही जर्मनीतूनच. पराग्वेच्या भागात स्पॅनिश अधिकारी फेलिक्स दे आसारा यांनी त्याचं वर्णन केलं होतं. त्यावरून बर्लिनच्या प्राणिविज्ञान संग्रहालयाचे पहिले संचालक योहान कार्ल विल्हेल्म इलिगर यांनी त्याला लॅटिन नाव दिलं. इलिगर १८१३ सालीच वारले; नाव छापून आलं १८१५ साली. त्यांनी हा प्राणी रानात कधीही पाहिला नाही. याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. पण जर्मनी आणि आयाळी लांडगा यांच्या नात्याचा हा स्वभाव लक्षात घ्या: नाव इथे, नोंद इथे, जमीन तिथे.

जर्मन प्राणिसंग्रहालयांनी मात्र त्याला खूप जवळून पाहिलं. क्रेफेल्डचे वाल्टर एंके आणि त्यांचे सहकारी यांनी १९७० साली त्याच्या वागणुकीच्या निरीक्षणांचा सविस्तर लेख प्रसिद्ध केला. रानातला अभ्यास तेव्हा जवळपास नव्हताच. पिंजऱ्याच्या जाळीपलीकडून दिसलं तेवढंच ज्ञान. त्या काळात या प्राण्याला बंदिवासात टिकवणं फार अवघड होतं. पिल्लं जन्मायची आणि मरायची. आवाजाने, गर्दीने, शेजारच्या पिंजऱ्यातल्या हालचालीने बिथरलेली आई पिल्लं उचलून इकडून तिकडे नेत राहायची, कधी स्वतःच इजा करायची. हळूहळू कळत गेलं की विणीच्या वेळी तिला अंधारी, उबदार, कुणी डोकावणार नाही अशी पेटी लागते. शिवाय उत्तर गोलार्धात विणीचा हंगाम थंडीत येतो. ब्राझीलच्या कोरड्या ऋतूसाठी घडलेलं पिल्लू इथे हिमवर्षावात डोळे उघडतं, म्हणून त्या पेटीची ऊब हा जीवनमरणाचा प्रश्न होता.

दुसरी अडचण माझ्या विद्येतली, म्हणून तिच्यावर थोडा थांबतो. लांडगा म्हटल्यावर त्याला मांस घालायचं, असं सगळ्यांनी धरलं होतं. प्राण्यांना मुतखडे होऊ लागले. मूत्रमार्ग अडून ते मरू लागले. कारण होतं सिस्टिन्युरिया, म्हणजे सिस्टिन नावाचं अमिनो आम्ल मूत्रपिंडात परत शोषलं न जाता मूत्रात उतरणं. आम्लधर्मी मूत्रात ते विरघळत नाही, त्याचे खडे बनतात; आणि मांसाने मूत्र अधिक आम्लधर्मी होतं. १९८१ साली रानातल्या प्राण्यांचं मूत्र तपासलं गेलं तेव्हा हा दोष तिथल्याही पुष्कळ प्राण्यांत सापडला. म्हणजे दोष उपजत होता. रानातल्या फळांच्या आहारात तो निभत होता आणि आपल्या मांसाच्या ताटाने त्याचा रोग केला. आज चांगल्या प्राणिसंग्रहालयांत त्याला फळं, भाज्या आणि बेतानं मांस असा आहार मिळतो. चुकीच्या आहाराचं कारण निष्काळजीपणा नव्हता. प्राण्याचं नाव ऐकून आपण त्याचं ताट ठरवलं होतं. त्याच्या घराचं असंच काहीसं पुढे सांगायचं आहे.

मग त्या वंशनोंदवहीचा उपयोग काय? काही शे प्राणी अनेक देशांत विखुरलेले असले की भावंडांची, चुलत भावंडांची जुळणी नकळत होत जाते आणि काही पिढ्यांत संततीत दोष वाढतात. वहीमुळे प्रत्येक प्राण्याचं इतर सगळ्यांशी नातं मोजता येतं. ज्याचे नातेवाईक सर्वांत कमी, त्याला पिल्लं व्हावीत म्हणून प्रयत्न करायचे. ज्याचं घराणं आधीच पसरलं आहे, त्याला थांबवायचं. युरोपातली प्राणिसंग्रहालयं १९८५ पासून अशा सामायिक प्रजनन कार्यक्रमांत एकत्र काम करतात. कुठली मादी लाइपझिगला जाईल, कुठला नर डॉर्टमुंडला, हे मालकी हक्कावर ठरत नाही, कुळावर ठरतं. शिवाय या जातीच्या मादीला बीजमोचनासाठीच नराचा सहवास लागतो असं अलीकडच्या संशोधनातून दिसलं आहे. एकटी ठेवलेली मादी कागदावर कितीही मौल्यवान असली तरी निष्फळ. या वहीमागच्या शिस्तीबद्दल मला मनापासून आदर आहे. हिशेब चोख ठेवणं ही या देशाची खरी देणगी आहे.

पण वहीत गवत उगवत नाही.

सेराडो. मध्य ब्राझीलचं हे पठार सुमारे वीस लाख चौरस किलोमीटरचं, जर्मनीच्या साडेपाचपटींहून मोठं, महाराष्ट्राच्या साडेसहापट. कुठे निव्वळ गवत, कुठे गवतात विखुरलेली वेडीवाकडी जाड सालीची झाडं, कुठे ओढ्याकाठी दाट राई. बारा हजारांवर जातींच्या वनस्पती. या रानाचं वैभव जमिनीखाली आहे: मुळं कित्येक मीटर खोल जातात, वणवा वरचं सगळं जाळून गेला तरी पावसाआधीच नवे कोंब वर येतात. ब्राझीलच्या कित्येक मोठ्या नद्यांचा उगम याच पठारावर. आयाळी लांडग्याची बहुतेक सगळी वस्ती इथे आहे. बोलिव्हिया, पराग्वे, अर्जेंटिना, पेरूत थोडी. उरुग्वेतून तो जवळपास गेलाच. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या २०१५ च्या मूल्यांकनात सुमारे सतरा हजार प्रौढ प्राणी आणि 'संकटसमीप' ही श्रेणी. ब्राझीलच्या स्वतःच्या यादीत तो याहून वरच्या धोक्यात, 'असुरक्षित' म्हणून नोंदला आहे.

त्या सेराडोचं नैसर्गिक वनस्पती-आच्छादन साधारण निम्मं गेलं, आणि तेही एका माणसाच्या आयुष्यात. साठ साली ब्राझीलिया ही राजधानी त्या पठारावर वसली, रस्ते आले. १९७३ साली एम्ब्रापा ही शेतीसंशोधन संस्था सुरू झाली. तिथली माती आम्लधर्मी, अॅल्युमिनियमने भरलेली. तिच्यात चुना मिसळला, उष्ण प्रदेशात येणारे सोयाबीनचे वाण तयार केले, आणि ज्या जमिनीला कुणी विचारत नव्हतं ती जगातली एक मोठी पेंडीची खाण झाली. शेतीशास्त्राचं हे यश खरं आहे, त्याला नाकं मुरडणं अन्यायाचं होईल. भुकेल्या देशांना त्याने धान्य दिलं. पण किंमत कुणाच्या खात्यावर गेली, ते बघावं लागतं. ब्राझीलच्या २०१२ च्या वनकायद्यात अॅमेझॉनच्या जंगलात जमीनमालकाने ऐंशी टक्के रान राखावं अशी अट आहे. सेराडोच्या बहुतेक भागात ती वीस टक्के. २००६ साली सोयाबीनच्या व्यापाऱ्यांनी अॅमेझॉन तोडून पेरलेलं सोयाबीन न घेण्याचा करार केला. सेराडो त्यात नव्हता. पाणी उताराकडे वाहतं, तसा नांगर मोकळ्या रानाकडे वळला. ब्राझीलच्या सरकारी उपग्रह नोंदींनुसार ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३ या वर्षात अॅमेझॉनमध्ये नऊ हजार चौरस किलोमीटर जंगल तुटलं आणि सेराडोत अकरा हजार. क्षेत्रफळाने सेराडो अॅमेझॉनच्या निम्माही नाही.

जगातलं बहुतेक सोयाबीन जनावरांच्या पोटात जातं. जर्मनी दरवर्षी लाखो टन सोयाबीन आणि पेंड आयात करतो, मुख्यतः ब्राझील आणि अमेरिकेतून. हॅम्बुर्गच्या बंदरात, वेझर नदीवरच्या ब्राकेच्या धक्क्यावर ती उतरते आणि डुकरांच्या, कोंबड्यांच्या खाद्यात मिसळते. आपल्यापैकी अनेक घरांत डुकराचं मांस येत नाही. पण कोंबडी, अंडी, दूध येतं. ज्या शहरात या प्राण्याची वंशावळ जपली गेली, त्याच शहराच्या दुकानांत त्याच्या गवताचा थोडा अंश पाकिटातून विकला जातो. मी हे कुणाला अपराधी ठरवायला सांगत नाही. घरात एका माणसाने अंडी सोडल्याने सेराडोतला नांगर थांबत नाही. नांगर कायद्याने थांबतो, आणि कायद्याचं गणित एका व्याख्येवर उभं आहे.

युरोपियन संघाने २०२३ साली जंगलतोडविरोधी नियम केला. सोयाबीन, गुरं, कॉफी, कोको, पाम तेल, रबर, लाकूड, या मालासाठी ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलं असेल तर तो युरोपात विकता येणार नाही. असा कायदा जगात पहिलाच. अंमलबजावणी डिसेंबर २०२४ मध्ये व्हायची होती, ती पुढे ढकलली गेली. तरीही कायद्याचं महत्त्व कमी होत नाही. आता त्यातली जंगलाची व्याख्या बघा. अर्ध्या हेक्टरहून मोठी जमीन, पाच मीटरहून उंच झाडं, आणि झाडांच्या पर्णछत्राखाली दहा टक्क्यांहून जास्त क्षेत्र. सेराडोतली दाट राई यात बसते. विरळ झाडांचं आणि निव्वळ गवताचं रान, जिथे हे उंच पाय घडले, जिथे तो कान देऊन उंदीर ऐकतो, ते यात बसत नाही. ते नांगरून पेरलेलं सोयाबीन या कायद्याच्या दृष्टीने निष्कलंक आहे.

रानात फक्त झाडं मोजणारी ही नजर आली कुठून? इथे आपला, मराठी माणसाचा संबंध येतो. १८६४ साली हिंदुस्थानच्या जंगलांचे पहिले महानिरीक्षक झाले ते दीत्रिश ब्रँडिस, बॉनचे वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांच्यानंतर विल्हेल्म श्लिख, मग बेर्टोल्ड रिबेनट्रॉप. तिघंही जर्मन. जर्मन वनशास्त्र तेव्हा जगात सर्वांत पुढे होतं. सॅक्सनीतल्या खाणींना लाकूड कमी पडू लागलं म्हणून हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी १७१३ साली ग्रंथ लिहिला, उगवेल तेवढंच तोडा असा. त्या परंपरेत जंगल म्हणजे मोजता येणारं लाकूड. ब्रँडिस यांच्याविषयी मला आदर आहे. गावकऱ्यांच्या हक्कांची त्यांना जेवढी चाड होती तेवढी त्यांच्या काळच्या बहुतेक इंग्रज अधिकाऱ्यांना नव्हती. पण खात्याची मोजपट्टी लाकडाची राहिली. दुसरीकडे महसूल खात्याची मोजपट्टी साऱ्याची. जिथे लाकूड नाही आणि सारा नाही, ती जमीन 'पडीक'. आमचा माळ या दोन मोजपट्ट्यांच्या मधल्या फटीत पडला.

सोलापूर, नगर, पुण्याचा पूर्व भाग, पाऊस कमी, माती पातळ, कुसळी आणि पवन्याचं गवत. त्यावर चिंकारा, काळवीट, खोकड, तणमोर, आणि आपला लांडगा. सोलापूरजवळ नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली झालं. सुप्याजवळ चिंकाऱ्यांसाठी छोटं मयूरेश्वर अभयारण्य आहे. यापलीकडचा माळ सरकारी नकाशांत 'पडीक जमीन' म्हणून रंगवला गेला. त्यावर कधी गिरिपुष्पाची, सुबाभळीची रोपवनं उभी राहिली, हिरवं दिसावं म्हणून. कधी कारखाने, कधी भूखंड. झाड लावणाऱ्याचा हेतू चांगला असतो, फोटोही चांगला येतो. पण माळावर दाट झाडी उभी केली की गवत मरतं, गवताबरोबर टोळ, उंदीर, माळढोकाची लपण, लांडग्याची बीळ धरायची जागा, सगळं जातं. नान्नजचा माळढोक आज जवळपास दिसत नाही. सरांचा प्रश्न मला इथे फार मोठा वाटतो. झाडाला नाव आहे, म्हणून झाडाला कायदा आहे. गवताला नाव नाही.

जर्मनीला मोकळ्या रानाची किंमत कळत नाही, असं मात्र मुळीच नाही. ल्यूनेबुर्गच्या माळाला शंभर वर्षांहून जास्त काळ संरक्षण आहे. फ्रँकफुर्टच्याच प्राणिसंग्रहालयाचे संचालक बेर्नहार्ड ग्झीमेक यांनी सेरेंगेटीच्या गवताळ मैदानासाठी आयुष्य वेचलं. १९५९ च्या जानेवारीत त्यांचा मुलगा मिखाएल तिथे प्राण्यांची मोजणी करताना विमान अपघातात गेला, आणि त्यांच्या चित्रपटाने गवताळ रानाचं मोल जर्मनीच्या घराघरांत पोचवलं. या देशातून नाहीसा झालेला करडा लांडगा परत आला आणि २००० साली सॅक्सनीत, मुस्काऊच्या माळावर त्याला पिल्लं झाली, तो माळ लष्कराच्या रणगाड्यांच्या सरावाचा होता. कुणाला नको असलेली, झाडं न वाढू दिलेली जमीन, आणि लांडग्याने तीच निवडली. युरोपच्या १९९२ च्या अधिवास निर्देशात कोरडी गवताळ रानं, झुडपी माळ हे नावानिशी संरक्षणाच्या यादीत आहेत. म्हणजे स्वतःच्या अंगणातलं गवत युरोपला निसर्ग वाटतं. आयात करताना मात्र दहा टक्के पर्णछत्र लागतं. मला यात लबाडी दिसत नाही; कायदा करणाऱ्यांसमोर अॅमेझॉनचं चित्र होतं, सेराडोचं नव्हतं. पण फरक राहिला तो राहिलाच.

सेराडोतल्या माणसांबद्दल दोन शब्द. आयाळी लांडगा फक्त नांगराने मरत नाही. महामार्गांवर गाड्यांखाली मरतो. वस्तीतल्या मोकाट कुत्र्यांकडून त्याला डिस्टेंपर, पार्वो हे रोग लागतात. कोंबडीचोर म्हणून मारला जातो, ताईत-औषधासाठीही. पण मिनास जेराइस राज्यात काराका नावाच्या डोंगरातल्या जुन्या मठात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून पाद्री रात्री चर्चच्या पायऱ्यांवर त्याच्यासाठी खाणं ठेवतात, तो येतो, खातो, जातो. पाहुणे बघत बसतात. २०२० साली ब्राझीलने नवी दोनशे रियालची नोट काढली, तिच्यावर हाच प्राणी आहे. आपल्या धनगरवाड्यांतही लांडग्याने कोकरू नेल्याचा राग आणि त्याचं माळावरचं अस्तित्व मान्य करणं, दोन्ही एकाच घरात सापडतं. माणसांच्या मनात जागा आहे. कागदावर नाही.

म्हणून शेवटी कागदाचंच बोलतो. त्या युरोपीय नियमात ३४ वं कलम आहे. त्यात युरोपियन आयोगावर दोन जबाबदाऱ्या टाकल्या आहेत: आधी 'इतर वृक्षाच्छादित जमीन' या वर्गापर्यंत नियम वाढवावा का ते तपासणं, आणि मग गवताळ रानं, पीट दलदली, पाणथळ जागा अशा इतर नैसर्गिक परिसंस्थांपर्यंत वाढवावा का ते तपासणं. पहिल्या वाढीने सेराडोचा मोठा भाग आत येईल, पण निव्वळ गवताचं रान तरीही बाहेर राहील, कारण त्या वर्गालाही झाडं-झुडपं लागतातच. आयाळी लांडग्याचं घर दुसऱ्या वाढीशिवाय पूर्ण आत येत नाही. चर्चा पहिल्यावर खूप होते, दुसऱ्यावर थोडी. आपल्यापैकी ज्यांनी इथलं नागरिकत्व घेतलं आहे, त्यांना युरोपियन संसदेच्या उमेदवाराला विचारायचा हक्क आहे, ज्यांनी घेतलेलं नाही त्यांना पत्र लिहायचा आहे. विचारताना जंगल हा शब्द वापरू नका. गवत म्हणा, आणि कलमाचा क्रमांक सांगा.